आर३३ स्कायलाइन: काटा मैलांत करायचा आहे, लिमिटरचं काय करावं?

रेडिंगकर
जपानहून आलेली १९९६ ची निसान स्कायलाइन आर३३ जीटीएस२५टी टाइप एम, मॅन्युअल गिअरबॉक्स, हायकासवाली (मागची चाकं थोडी वळतात ती). गाडी आता इंग्लंडात आहे. डायल फक्त किलोमीटरचा, १८० पर्यंत. ओडोमीटर ९८,४०० किमी. मागे २४५/४०आर१८ टायर आहेत.

गॅरेजवाला म्हणतो, स्पीड सेन्सरच्या वायरवर कन्व्हर्टर चिप टाकू, काटा मैलांत चालेल आणि १८० चं लिमिटरही (त्यापुढे वेग वाढू न देणारं) आपोआप सुटेल. एका दगडात दोन पक्षी. हे करावं का? आणि पुढेमागे गाडी पुण्याला नेता येईल का?

सर्किटवाला
पक्षी दोन नाही, तीन मरतील. तिसरा हायकास.

या गाडीत गिअरबॉक्सवरचा सेन्सर आधी मीटर क्लस्टरला (डॅशबोर्डवरच्या मीटरच्या डब्याला) जातो. क्लस्टर त्याचा चौकोनी पल्स बनवून पुढे इंजिनच्या ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) आणि हायकासच्या युनिटला देतो. म्हणजे क्लस्टरच्या आधी वायर कापून पल्स १.६०९ ने भागलात की काट्याबरोबर सगळ्यांनाच खोटा वेग कळतो. गाडी खऱ्या १०० किमीने चालली असताना हायकासला वाटतं आपण ६२ वर आहोत, आणि मागची चाकं किती वळवायची हे तो ६२ च्या हिशेबाने ठरवतो. मोटरवेवर लेन बदलताना मागचा भाग अनोळखी वाटायला लागतो. मग लोक बुश बदलतात, अलाइनमेंट करून घेतात, आणि दोष त्या चिपमध्ये असतो.

लिमिटर ‘सुटतं’ तेही याच खोटेपणामुळे. ईसीयू १८० दिसल्यावर इंधन तोडतो. आता १८० दिसायला खरा वेग २९० लागेल, तिथवर ही गाडी जातच नाही.

मैलांसाठी वायरिंगला हात लावू नका. डायलचा फेस, म्हणजे आकडे छापलेली तबकडी, बदला. काटा जिथे जायचा तिथेच जातो, फक्त खालचे आकडे बदलतात: ३० मैल जुन्या ४८ पाशी, ५० मैल ८०.५ पाशी, ७० मैल ११२.७ पाशी. फेस दोन्ही मापांचा घ्या, बाहेर मैल आणि आत किलोमीटर. ब्रिटनच्या १९८६ च्या नियमांत १ एप्रिल १९८४ नंतर पहिल्यांदा वापरात आलेल्या गाडीला दोन्ही दाखवणारा मीटर लागतो. नुसता मैलांचा फेस स्वस्त मिळतो, तो घेऊ नका.

आणखी एक फायदा. ओडोमीटर किलोमीटरच मोजत राहतो, त्यामुळे जपानच्या कागदांशी आकडा जुळतो. चिप लावली तर ९८,४०० किलोमीटरच्या पुढे मैल साठत जातात, आणि दोन वर्षांनी त्या आकड्याचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. एमओटीला (ब्रिटनमधली दरवर्षीची गाडीतपासणी) गेलात की टेस्टरला ‘किलोमीटर’ असं तोंडाने सांगा आणि कागद हातात पडल्यावर एकक तपासा. त्याने चुकून मैल टाकले तर नोंदीत गाडी एकदम १,५८,००० किमी चाललेली दिसते.

काटेकोर
फेसबद्दल सहमत. पण बहुतेक जण काटा काढताना घोळ घालतात, म्हणून तेवढं नीट लिहितो.

बॅटरीची निगेटिव्ह काढून मग क्लस्टर बाहेर घ्या. काटा शून्याच्या पिनवर टेकलेला असतो, पण ती त्याची खरी विश्रांतीची जागा नसते. हलक्या हाताने पिनवरून पलीकडे सोडा, काटा आणखी थोडा खाली लोंबेल. तिथे मास्किंग टेपवर बारीक रेघ मारा. परत बसवताना काटा पिनवर नाही, त्या रेघेवर बसवायचा, मग उचलून पिनच्या वर घ्यायचा. काढताना एका बाजूने स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, आतला बारीक दांडा वाकतो. दोन चमचे समोरासमोर, खाली टेप, दोन्हीकडून सारखा जोर. काट्याला चीर ठेवलेला फेस मिळाला तर काटा काढायचीच गरज नाही.

मग जीपीएसशी ताडून पाहा. सपाट सरळ रस्ता, वेग दहा-पंधरा सेकंद स्थिर, कारण जीपीएस मागून येतं. ३०, ५० आणि ७० ला शेजाऱ्याला आकडे लिहायला सांगा. तिन्ही ठिकाणी ३-३ मैलांचा फरक आला तर काटा चुकीचा बसलाय. फरक वेगाबरोबर वाढत गेला, म्हणजे १, २, ३ असा, तर गुणोत्तर चुकतंय, बहुधा टायर.

तुमच्या टायरचा हिशेबही केला. मूळ मागचा टायर २२५/५०आर१६, व्यास साधारण ६३१ मिमी. तुमचा २४५/४०आर१८ होतो ६५३. साडेतीन टक्के मोठा. काटा ७० दाखवेल तेव्हा गाडी साधारण ७२.५ वर असेल. जास्त दाखवणारा मीटर चालतो, कमी दाखवणारा अजिबात नाही. २६५/३५आर१८ घेतला तर ६४३, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्या आत. कारखान्याचा मीटर मुळात थोडा जास्त दाखवत असेल तर तेवढ्यात भागेलही, म्हणून आधी मोजा, मग खर्च करा.

सर्किटवाला
इथे एक गंमत आहे. टायरसाठी दुरुस्ती करायची असेल तर कन्व्हर्टर क्लस्टरच्या आधीच बसवायचा, वर मी नको म्हटलं त्याच जागी. गुणोत्तर १.०३५. कारण टायरमुळे सगळ्यांनाच चूक वेग कळत होता, आता सगळ्यांना खरा कळेल. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवरच्या सेन्सरचा साइन (लाटेसारखा) सिग्नल घेणारा हवा. फक्त चौकोनी पल्स ओळखणारा लावलात तर कमी वेगात व्होल्टेज पुरत नाही आणि काटा १०-१५ पर्यंत हलतच नाही. कन्व्हर्टरची अर्थिंगची वायर क्लस्टरच्याच अर्थिंगच्या वायरला जोडा. बॉडीवर दिसेल त्या स्क्रूला दिलात तर इग्निशनचा गोंगाट शिरतो आणि काटा थरथरतो.

रेडिंगकर
चिप रद्द. लिमिटर मग काढूच नये? ट्रॅक-डेला (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी) अडेल असं वाटतं.

सर्किटवाला
१८० म्हणजे ११२ मैल, मोटरवेची मर्यादा ७०. रस्त्यावर त्याचा संबंधच येत नाही. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवून घेतलेला हा आकडा आहे, छोट्या केई गाड्यांना तर १४० च. ट्रॅकवर लांब सरळ पट्टा असेल तरच लागेल. तेव्हा क्लस्टरच्या नंतर, ईसीयूकडे जाणाऱ्या एकट्या वायरवर कन्व्हर्टर बसवायचा, म्हणजे हायकासला धक्का नाही. आणि त्याआधी टायरवरचं कमाल वेगाचं अक्षर बघा. एस म्हणजे १८०, एच २१०, व्ही २४०. विमावाल्यालाही कळवायचं, लपवलंत तर क्लेमच्या वेळी अंगाशी येईल.

काटेकोर
पुण्याचं विसरा. भारतात जुनी आयात गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, तीही फक्त मुंबई बंदरातून. मीटर किलोमीटरचा लागतो, त्या परीक्षेत मात्र तुमची गाडी आज पहिल्या नंबराने पास आहे!

बाय द वे, मागचा फॉग लॅम्प आहे का बघा. जपानी गाड्यांना बऱ्याचदा नसतो, आणि इंग्लंडात उजव्या बाजूला किंवा मधोमध एक लागतोच.