मदत हवी आहे : गावच्या आपत्ती मदत मंडळासाठी बारमाही निधी कसा उभारावा?

नमस्कार.

भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या एका गावात आम्ही अकरा जण मिळून आपत्ती मदतीचे एक लहान मंडळ चालवतो. हिशेब ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. प्रश्न पैशाचा असला, तरी पैसा नेमका कोठे अडतो हे सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मंडळाची सुरुवात ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेल्या पुरात झाली. गावात गणपती बसलेले होते आणि आमच्याकडचा पाऊस जवळजवळ थांबला होता. पण वर मध्य प्रदेशात झालेल्या अतिवृष्टीमुळे तिकडच्या संजय सरोवर धरणातून पाणी सोडण्यात आले, गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले आणि नदी गावात शिरली. माणसे जिल्हा परिषदेच्या शाळेत सुखरूप पोहोचली. नुकसान खऱ्या अर्थाने दिसले ते पाणी उतरल्यावर. मातीच्या भिंती पाण्यात काही काळ तग धरतात आणि वरून ऊन पडले की बसतात, त्यामुळे घरी परतलेल्या काही कुटुंबांना चौथ्या दिवशी पुन्हा शाळेत आणावे लागले. विहिरी गाळाने भरल्या होत्या, तणसाचे (धानाच्या वाळल्या काडाचे) ढीग कुजले होते आणि कोठीतल्या धानाला कोंब फुटले होते.

त्या आठवड्यात गावाला मदत भरपूर मिळाली, आणि ती देणाऱ्यांविषयी मनात कृतज्ञताच आहे. मात्र तिच्यातला मोठा भाग जुन्या कपड्यांचा होता. शेतात राबणाऱ्या बायांच्या उपयोगी न पडणाऱ्या जरीच्या साड्या, लोकरीचे कोट, एकेकटे बूट असे बरेच काही गाठोड्यांतून निघाले. एक थ्री-पीस सूटही निघाला, जो आता आमच्या झाडीपट्टीतील नाटकांत दर हंगामाला साहेबाच्या भूमिकेसाठी वापरला जातो. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या गाठोड्यांनी समाजमंदिराची अर्धी खोली आजही अडवून ठेवली आहे. ज्यांची गरज होती त्या ताडपत्र्या, मच्छरदाण्या, गंज (स्वयंपाकाची मोठी भांडी), पातेली आणि विहिरींचे पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर या वस्तू आम्हाला उसनवारीने आणाव्या लागल्या.

त्यानंतर मंडळाचे काम पुरापुरते राहिले नाही. उन्हाळ्यात आग लागून घर किंवा गोठा जळणे, वादळात छपराचे कवेलू उडणे, वीज पडून बैल दगावणे हे आमच्या पंचक्रोशीत नवे नाही, पण एका घराच्या आगीची बातमी होत नाही आणि म्हणून मदतीची गाडीही येत नाही. शासनाची मदत असते. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत कपड्यांसाठी प्रतिकुटुंब २,५०० रुपये आणि भांड्यांसाठी तेवढीच रक्कम होती. परंतु पंचनामा, तहसीलची मंजुरी आणि बँक खात्यात रक्कम जमा होणे यांत दिवस जातात, आणि ज्या कुटुंबाचे आधार कार्ड व बँकेचे पुस्तकच जळाले आहे त्याचे आणखी जातात. तो मधला काळ, विशेषतः पहिला आठवडा, सांभाळणे हेच आमच्या मंडळाचे काम आहे असे मी मानतो. त्या आठवड्यात आम्ही शिधा, ताडपत्री, अंथरूण-पांघरूण आणि चार भांडी देतो, जनावरे असतील तर तणस गोळा करून देतो आणि कागदपत्रांसाठी आमच्यापैकी एक जण त्या कुटुंबासोबत तहसीलला जातो.

या कामाला एकदम मोठी रक्कम लागत नाही, पण ती हाताशी असावी लागते, आणि नेमकी ती नसते. गेल्या एप्रिलमध्ये आग लागली तेव्हा मंडळाकडे एक ताडपत्री शिल्लक होती आणि घरे दोन जळाली होती. कोणाला द्यायची हे ठरवताना आम्हा अकरा जणांची जी अवस्था झाली, ती पुन्हा येऊ नये म्हणून हा धागा काढला आहे.

जाणकारांना माझी विनंती अशी की, मंडळाची नोंदणी अद्याप झालेली नसताना देणगी मागण्याची योग्य पद्धत कोणती, हे कृपया सांगावे. सध्या गावाबाहेर नोकरीला असलेली मुले माझ्या वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवतात आणि मी वहीत नोंद करतो. हे मला स्वतःलाच बरे वाटत नाही. शिवाय, संकट नसताना, म्हणजे दाखवायला कोणाचे दुःख समोर नसताना, लोकांकडे नियमित निधी कसा मागावा? आणि देणाऱ्याचे मन न दुखवता जुने कपडे नाकारता येतात का?

प्रतिसाद १ (नागपूर)

संस्थांच्या नोंदणीची कामे करतो, म्हणून लिहितो. वैयक्तिक खात्यावर देणग्या घेणे आजपासूनच थांबवावे. आपला हेतू स्वच्छ आहे हे वही सांगेल, पण उद्या कोणी तक्रार केली तर ती रक्कम आपली नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावरच येईल. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असल्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात ती हीच. ती तात्पुरत्या कामासाठी असते. आपले काम बारमाही आहे, तेव्हा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था नोंदवून तिची विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद करून घ्यावी. त्यासाठी किमान सात सदस्य लागतात आणि आपण अकरा आहात. त्यानंतर संस्थेच्या नावे पॅन काढून दोघांच्या सह्यांनी चालणारे खाते उघडावे आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे.

देणगीदाराला आयकरात मिळणारी, ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मिळवावी, पण तिच्यामुळे देणग्यांचा ओघ सुरू होईल असे समजू नये. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती मिळत नाही, वस्तुरूप देणगीला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या पगारदारांना तिचा उपयोगच नसतो. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी तर अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो.

प्रतिसाद २ (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

भाऊ, कायद्याचे वरच्या प्रतिसादात आलेच आहे. मी आमच्या महिला बचत गटाचा अनुभव सांगते. आम्ही दुःख दाखवून मागत नाही, आणि पावसाळ्यात तर अजिबात मागत नाही, कारण त्या वेळी रोवणीच्या मजुरीत प्रत्येकाचा हात रिकामा झालेला असतो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेचे, दिवस असतात, धान निघालेले असते, नोकरीवाली मुले आणि माहेरवाशिणी गावात असतात. तेव्हा आम्ही घरटी एक पायली धान मागतो. पैसे मागितले की माणूस हिशेब करतो. धान द्यायला मात्र आमच्याकडे सहसा कोणी नाही म्हणत नाही. एक अडचण सांगून ठेवते : गटाच्या नावे सातबारा नसल्याने हे धान आधारभूत खरेदी केंद्रावर घालता येत नाही, गिरणीवाल्याला त्याच्या भावाने द्यावे लागते. म्हणून आम्ही निम्मे विकतो आणि निम्म्याचा तांदूळ भरडून शिध्यासाठी ठेवतो.

कपड्यांबद्दल म्हणाल, तर नाकारण्यापेक्षा आधीच काय हवे ते सांगावे. ताडपत्रीची लांबी-रुंदी, गंजाचे माप, मच्छरदाण्या किती, असे लिहून ती यादी मंडईतच लावावी. मंडळाकडे मोठे गंज आणि सतरंज्या असतील, तर लग्नसराईत त्या भाड्याने देता येतील.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. कालच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर मंडळाची बैठक घेतली. खात्याबाबतची सूचना सर्वांनी तत्काळ मान्य केली आणि माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले. आजवर माझ्याकडे आलेल्या रकमांची वही ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याचेही ठरले. ताई, पायलीची कल्पना तर इतकी आमच्या मातीतली आहे की ती आम्हाला आधी का सुचली नाही, याचे नवल वाटते.

भांड्यांच्या भाड्यावर मात्र एकमत झाले नाही. आमचे गंज आजवर लग्नांना फुकट जातात, आणि ज्येष्ठांचे म्हणणे असे की पुरात ज्यांनी आपल्या घरची भांडी शाळेत आणून दिली, त्यांच्याच मुलीच्या लग्नात भाडे कसे मागायचे. मला त्यांचे म्हणणे पटते, पण मागच्या वर्षी दोन गंज फुटके परत आले हेही खरे आहे. गावातल्यांसाठी केवळ अनामत आणि बाहेरगावच्यांसाठी भाडे, अशी पद्धत आपल्यापैकी कोणी चालवली असल्यास तिचे नियम कृपया येथे द्यावेत. नोंदणीसाठीची नियमावली लिहितानाच ते त्यात घालता येतील.