नेपाळच्या अनाथाश्रमात सेवा दौरा: तरुण संघाने जावं का?

सरपणी_काठ (नवापूर):
जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघाने दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला सेवा दौरा ठरवलाय. भुसावळहून गोरखपूरची गाडी, पुढे सोनौलीमार्गे काठमांडू. तिथल्या एका अनाथाश्रमात आठवडाभर राहायचं, मुलांना गाणी, खेळ, बायबलच्या गोष्टी शिकवायच्या. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून नेपाळ. वर्गणीही सुरू झाली. माझा याला विरोध आहे. बैठकीत विषय पाच मिनिटांत उरकला, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

नेपाळमध्ये १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं. त्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल गावोगाव फिरले. पोर शहरात शिकेल, लढाईपासून वाचेल, या आशेने आईबापांनी किडूकमिडूक विकून दलालाला पैसे दिले. मग खोटे कागद झाले, जिवंत आईबाप मेलेले दाखवले गेले, आणि पोरं बालगृहात गेली. युद्ध संपलं, धंदा राहिला. आजही तिथली बहुतेक बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन याच भागात आहेत. खरी गरिबी हुमलाकडच्या कर्णालीच्या डोंगरात आहे, पण देणगीदार पाहुणा तिथे उतरत नाही. धडगाव-अक्कलकुव्यात मुकादम उचल देऊन जोडपी गुजरातेत ऊसतोडीला नेतो, ते आपण बघतो. तिथला दलाल पोर नेतो, आणि त्याचा हंगाम आपल्यासारख्या दौऱ्यांवर चालतो.

तापीकाठ (जळगाव):
भाऊ, दलाल वाईट म्हणून सगळे आश्रम खोटे? १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. त्यांनी थांबायला हवं होतं का? तुमच्या नवापूरजवळच्या चिंचपाड्याचा मिशन दवाखाना परदेशी लोक इथवर आले म्हणूनच उभा राहिला ना? याकोबाच्या पत्रात अनाथांचा समाचार घ्यायला सांगितलंय. समाचार घेणं म्हणजे दारात जाऊन उभं राहणं. घरी बसून शंका काढणारी मंडळी थंड पडते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सरपणी_काठ:
रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, तोवर त्या मुलींजवळच राहिल्या. दवाखान्यातल्या माणसांनी इथली भाषा शिकून वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्याशी आपल्या आठवड्याची तुलना मला पटत नाही.

गोमाई (शहादा):
मी अशाच एका वसतिगृहात वाढले. नाव लिहीत नाही. आई जिवंत होती, वडील गेल्यावर तिला पोसवेना म्हणून मला ठेवलं. पाहुणे येणार असले की स्वागतगीत आठवडाभर घोकून घ्यायचे. ट्रंकेतले फ्रॉक निघायचे, पाहुणे गेले की घडी होऊन परत आत. माणसं वाईट नव्हती, प्रेमाने वागायची. पाहुण्यांतली एक ताई रोज सकाळी माझी वेणी घालायची, लाल रिबीन लावून. ती गेल्यावर मी कितीतरी दिवस कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही. वॉर्डनबाईंनी शेवटी केसच कापले. माझ्या आईला कुणी शिलाई मशीन दिलं असतं तर मी घरीच राहिले असते.

पांझरा (धुळे, बालविकास शिकवते):
गोमाईताईंच्या बोलण्याला अभ्यासाचाही आधार आहे. रोमानियात बुखारेस्टला २००० पासून १३६ मुलांवर काम झालं. निम्म्यांना संस्थेतून काढून पालक कुटुंबांत ठेवलं. जी दोन वर्षांची व्हायच्या आत घरात गेली, त्यांचं माणसांशी नातं जास्त नीट जडलं. संस्थेतलं मूल अनोळखी माणसाला लगेच बिलगतं, ते आपल्याला प्रेम वाटतं. पुष्कळदा ती आधाराचं एक कायमचं माणूस नसल्याची खूण असते. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या, पर्यटनाच्या धोक्यांवर ठराव केलाय.

तापीकाठ:
ताई, वाचून वाईट वाटलं. तरी माझी एक गोष्ट ऐका. आमच्या आजोबांच्या काळापासून आपली मंडळी घेणारी. दूध पावडर बाहेरून, कपडे बाहेरून, पाळकांचा पगारही बाहेरून. आज आपली पोरं डीएड, नर्सिंग करून कमावती झालीत आणि पहिल्यांदा दुसऱ्या देशातल्या लेकराला काही द्यायला निघालीत. तेव्हाच सगळे सांगणार की देणं घातक असतं? आदिवासी पोराने देणारा व्हायचंच नाही का? मला हे फार लागतं.

सरपणी_काठ:
हे मलाही लागतं, दादा. द्यायलाच हवं. पण कायदाही बघा. नेपाळची नवी अपराध संहिता २०१८ ला लागू झाली. धर्मांतर करवणं किंवा त्याला प्रोत्साहन देणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आपण गाडीत बसून परत येऊ, आश्रमात सांगितलेल्या बायबलच्या गोष्टींचा जाब तिथल्या पाळकाला द्यावा लागेल.

आणि देणारे हात इथेही हवेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,०००. हे पैसे पोर घरातच वाढावं म्हणून आहेत. आपल्या पाड्यांवरच्या विधवा बायांकडे नवऱ्याचा मृत्यूचा दाखला नसतो, उत्पन्नाचा नसतो, म्हणून अर्जच होत नाही. आपल्या शिकलेल्या पोरांनी त्यांच्यासोबत तहसीलला चकरा माराव्यात. नेपाळसाठी जमलेले पैसे तिथल्या मुलांना गावी आईबापांकडे पोचवणाऱ्या कामाला द्यावेत.

तापीकाठ:
दाखल्यांचं काम आम्ही घेतो, त्यासाठी दौरा अडवायची गरज नाही. आश्रमाला मी आजच विचारतो: नोंदणी आहे का, कोणत्या मुलाचे आईवडील हयात आहेत, मूल घरी शेवटचं कधी गेलं? उत्तर नाही मिळालं तर मीच तिकिटं रद्द करीन. पण खरंच कुणी नसलेली लेकरं तिथे असतील तर?

गोमाई:
तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईंचा पगार वर्षभर द्या. ती बाई टिकली पाहिजे.

तापीकाठ:
पगार देऊ. जाणं मात्र मी अजून सोडलेलं नाही. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांसमोर बैठक लावतो. नवापूरकर, तुम्ही या, आणि गोमाईताई, जमलं तर तुम्हीही या.