जीपीएस घड्याळाला ‘पट्टा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

इंदिरानगरची आई:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, “मुलाच्या मनगटावर जीपीएस घड्याळ म्हणजे कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा.” वाचून डोकंच फिरलं. आम्ही नाशिकचे; मी अंबडला कामाला, नवरा सातपूरला. आठ वर्षांचा मुलगा संध्याकाळी साडेपाच ते सात एकटा असतो. आधी बाहेरून कडी लावून टीव्हीसमोर बसवून जायचो. ते बरं होतं का? घड्याळ आल्यापासून तो जॉगिंग ट्रॅकपर्यंत सायकल नेतो आणि कुठे आहे ते मला फोनवर दिसतं. आखलेल्या हद्दीबाहेर गेला की माझा फोन वाजतो. गेल्या महिन्यात चेन निसटून पडला, गुडघा फुटला. त्यानं घड्याळाचं लाल बटण दाबून धरलं, मला लगेच कळलं, मी शेजारच्या काकूंना फोन केला आणि पाच मिनिटांत त्या हळदीची डबी घेऊन हजर. याला पट्टा म्हणायचं?

सातपूरकर:
ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेत नाही. 2017 साली जर्मनीनं चोरून ऐकण्याची सोय असलेली मुलांची घड्याळं विकायला बंदी घातली. घरात असलेली नष्ट करा, असं पालकांना सांगितलं. आईबाप त्यातून वर्गात शिक्षक काय बोलतात ते ऐकत होते! त्याच वर्षी नॉर्वेच्या ग्राहक परिषदेनं दाखवून दिलं, की काही घड्याळांचा ताबा परक्या माणसालाही घेता येतो. म्हणजे मुलगा कुठे आहे हे आईला कळतं तसं चोरालाही कळतं.

मोबाईल दुरुस्तीवाला, कॉलेज रोड:
दोघंही थोडं थांबा. जीपीएसला वर उघडं आकाश लागतं. पार्किंगमध्ये, जिन्यात घड्याळ वायफाय नाहीतर टॉवरवरून अंदाज बांधतं आणि तो अंदाज कधी कधी दोन गल्ल्या चुकतो. एक ताई रडत दुकानात आल्या, ॲपमध्ये मुलगी नाल्यात दिसत होती. ती मैत्रिणीकडे बेसमेंटमध्ये टेबल टेनिस खेळत होती. घड्याळासोबत आलेला पासवर्ड बदला, ऐकण्याची सोय बंद करा, रोज रात्री चार्ज करा. निम्मे लोक यातलं काहीच करत नाहीत.

पंचवटीचे आजोबा:
2003 च्या सिंहस्थात, चेंगराचेंगरी झाली त्याच वर्षी, माझी पाच वर्षांची लेक रामकुंडाजवळ हात सुटून हरवली. फ्रॉकच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी होती, ती घामानं पार विरघळलेली. एका बांगडीवाल्या बाईनं तिला ओट्यावर बसवून घेतलं आणि आम्ही येईपर्यंत जागची हलू दिली नाही. ती चाळीस मिनिटं अजून अंगावर येतात. 2027 ला नातवंडांना नेणार, तेव्हा घड्याळ बांधणारच.

सिडकोवासी:
घड्याळाचं बोलताय, पण मुलांनी खेळायचं कुठे? आमच्या कॉलनीचा ओपन स्पेस आधी लग्नाच्या मांडवाला गेला, आता तिथे बावीस गाड्या उभ्या असतात. मी स्वतः मोजल्यात. मुलं त्यांच्यामध्ये लपाछपी खेळतात आणि रिव्हर्स घेणाऱ्याला ती दिसत नाहीत. तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच आहे, पुढे काही नाही.

गाडीमालक:
मग गाड्या काय गच्चीवर लावायच्या? रस्त्यावर लावली तर रात्रीत आरसा फुटतो. कर आम्हीही भरतो.

सिडकोवासी:
आरसा नवा मिळतो हो! मागच्या दिवाळीत माझ्या पोरीच्या पायावरून चाक जाता जाता राहिलं. चप्पल चाकाखाली आली, पाय वाचला. ती चप्पल अजून ठेवली आहे. बघायला या.

गाडीमालक:
ते वाचून वाईट वाटलं. पण सगळ्या गाडीवाल्यांना एका माळेत ओवू नका. मी गाडी काढण्याआधी चहूबाजूंनी फिरून बघतो.

इंदिरानगरची आई:
मी घड्याळाबद्दल विचारलं होतं.

सातपूरकर:
ताई, तुमचा राग कळतो. मी एवढा का चिडतो ते सांगतो. माझ्या भाच्यालाही असंच घड्याळ होतं. त्यानं ते मैदानातल्या बाकावर काढून ठेवलं आणि मित्रांबरोबर मखमलाबादच्या बाजूला, डाव्या कालव्यात पोहायला गेला. बहिणीच्या फोनवर दीड तास हिरवा ठिपका मैदानातच. ती निवांत भाकरी थापत होती. एका शेतकऱ्यानं पोरांना हाकलून घरी पाठवलं म्हणून निभावलं. घड्याळ नसतं, तर ती तासाभरात एकदा तरी खाली डोकावली असती. तुमच्या गुडघ्याच्या वेळी बटण कामाला आलं, एवढं मान्य करतो. त्यापुढे नाही.

इंदिरानगरची आई:
वाचून हात गार पडले. माझाही हात धुताना घड्याळ काढून ठेवतो, हे आत्ता आठवलं. ऐकण्याची सोय आज बंद केली. उद्या त्याच्याबरोबर ट्रॅकवर चालत जाऊन रसवाले काका आणि वॉचमनदादांची ओळख करून देणार. घड्याळ मात्र काढणार नाही.

सिडकोवासी:
ओपन स्पेससाठी रविवारी सकाळी 9 वाजता कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीखाली सह्या घेतेय. गाडीवाल्या दादांनीही यावं.

गाडीमालक:
येतो. पण गाड्या लावायला दुसरी जागा द्या, हेही त्याच अर्जात लिहा.