जपानमधून स्विच २ मागवावा का? घरी स्विच ओलेड आहे

मृण्मयी_ठाणे

नमस्कार मंडळी. घरी निन्टेन्डोचा स्विच ओलेड (ओलेड स्क्रीनचा गेम कन्सोल) आहे. खातं अमेरिका रीजनचं, त्यावर वीसेक डिजिटल गेम आणि थोडी कार्ट्रिज. मुलं (वय ९ आणि १३) टीव्हीला जोडून खेळतात, मी ठाणे-पुणे प्रवासात हातात धरून. पुढच्या महिन्यात दीर ओसाकाहून येणार आहेत. तिथे स्विच २ लाँच झाला तेव्हाची किंमत ४९,९८० येन होती, अमेरिकेत ४४९.९९ डॉलर. म्हणजे जपानमध्ये बराच स्वस्त पडतो.

विचारायचं असं की जपानमधून आणण्यात काही मेख आहे का? ओलेड असताना स्विच २ ने खरोखर किती फरक पडेल? आणि जुना विकावा की ठेवावा? सगळं धरून ६० हजारांच्या आत बसवायचं आहे.

कार्ट्रिजप्रेमी

मेख आहे, आणि मोठी आहे. ४९,९८० येनचा सेट मुळीच घेऊ नका.

जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत येतो. तुम्ही म्हणताय तो स्वस्त प्रकार फक्त जपानी भाषेचा. सेटिंग्जमध्ये दुसरी भाषा निवडताच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्याला फक्त जपान रीजनचं निन्टेन्डो खातं जोडता येतं. तुमचं खातं अमेरिकेचं, तेव्हा ते वीस डिजिटल गेम त्या मशीनवर येणारच नाहीत. खात्याचा देश बदलायचा म्हटलं तर आधी ईशॉपमधली (निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातली) शिल्लक संपवावी लागते, आणि मेनू जपानीत राहतो तो राहतोच. ९ वर्षांच्या मुलाला हे वापरणं कठीण जाईल.

दुसरा प्रकार मल्टी-लँग्वेज. तो कुठलंही खातं आणि भाषा घेतो, पण त्याची लाँचची किंमत ६९,९८० येन आहे आणि तो निन्टेन्डोच्या स्वतःच्या जपानी ऑनलाइन स्टोअरवरच विकतात. डॉलरला दीडशे येन धरले तर साधारण ४६६ डॉलर झाले. म्हणजे अमेरिकेच्या किमतीपेक्षा काहीच वाचत नाही. दुकानात रचून ठेवलेले खोके बहुतेक स्वस्त प्रकाराचे, तेव्हा दिरांना 'स्विच २ आणा' एवढंच सांगितलंत तर ते चुकीचा आणतील. 'मल्टी-लँग्वेज' हा शब्द लिहूनच पाठवा.

अमेरिका, युरोप, सिंगापूर इथले सेट असे बांधलेले नाहीत. तिकडून कुणी येणार असेल तर तो मार्ग सरळ. ऍडॉप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलणारा प्लग लागतो. सामान बॅगेजच्या ड्यूटी-फ्री मर्यादेत बसतंय का हे निघण्याआधी सीबीआयसीच्या (कस्टम्स बघणाऱ्या सरकारी मंडळाच्या) साइटवर बघायला सांगा आणि बिल हाताशी ठेवा. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे वॉरंटी जिथून घेतला तिथलीच. इथल्या दुकानदाराने 'एक वर्षाची वॉरंटी' म्हटलं तर ती त्या दुकानाची असते, कंपनीची नाही. ती बिलावर लिहून घ्या.

फ्रेमरेट_फडके

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी 'फरक किती पडेल' यावर लिहितो, कारण ओलेडवाल्यांसाठी हे उत्तर सरळ नाही.

टीव्हीवर फरक मोठा आहे. पहिला स्विच डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) जास्तीत जास्त १०८०पी देतो, स्विच २ हा ४के ६० फ्रेमपर्यंत, किंवा १४४०पी अथवा १०८०पी ला १२० फ्रेमपर्यंत जातो. रॅम ४ जीबीची १२ जीबी झाली आहे आणि एनव्हिडियाच्या चिपमुळे डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं आणि स्पष्ट करणं) मिळतं. पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट पहिल्या स्विचवर सारखे अडखळायचे. मोफत अपडेटनंतर स्विच २ वर ६० फ्रेमने सुरळीत चालतात. सुपर मारिओ ओडिसीचंही अपडेट मोफत. झेल्डाच्या ब्रेथ ऑफ द वाइल्ड आणि टिअर्स ऑफ द किंगडम या दोघांचे अपग्रेड पॅक प्रत्येकी ९.९९ डॉलरचे, पण निन्टेन्डो स्विच ऑनलाइनचं एक्सपान्शन पॅकवालं सदस्यत्व असेल तर ते त्यातच येतात. हे गेम आधीपासून घरात असतील तर नवा गेम न घेताही पहिल्या दिवशी पैसे वसूल होत असल्यासारखं वाटेल.

हातात धरून खेळताना मात्र तुम्ही काही मिळवता आणि काही गमावता. स्क्रीन ७ इंचांची ७.९ झाली, ७२०पी ची १०८०पी, १२० हर्ट्झ आणि व्हीआरआरसकट (स्क्रीनचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणं). पण ती एलसीडी आहे. एचडीआर लिहिलंय तरी लोकल डिमिंग (स्क्रीनचा हवा तेवढाच भाग मंद करणं) नाही, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसतो. ओलेडची सवय झालेल्या डोळ्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. वेगाने कॅमेरा फिरवला की कडा धूसर होतात, कारण पॅनेलचा प्रतिसाद संथ आहे. आणि ज्या जुन्या गेमना अपडेट नाही, ते हातात मुळात ७२०पी किंवा त्याखालीच बनवलेले; मोठ्या स्क्रीनवर ताणले की मऊ दिसू शकतात.

बॅटरी हा प्रवासवाल्यांसाठी खरा मुद्दा. निन्टेन्डोचे स्वतःचे आकडे घ्या: ओलेडला ४.५ ते ९ तास, स्विच २ ला २ ते ६.५ तास. बॅटरी ५२२० एमएएच म्हणजे पूर्वीच्या ४३१० पेक्षा मोठी, तरी चिप आणि स्क्रीन तिला खाऊन टाकतात. जड गेम असेल तर ठाणे-पुणे गाठेपर्यंत संपायला येईल. पीडी (यूएसबी-सीने जलद चार्ज करणारी) पॉवर बँक, किमान ३० वॉटची, पिशवीत हवीच. वजनही जॉय-कॉनसकट (कडेला लागणारे दोन कंट्रोलर) ४२० ग्रॅमवरून सुमारे ५३५ वर गेलंय आणि लांबी २७२ मिमी आहे. जुनी केस बसणार नाही.

माझं मत: मुलं टीव्हीवर खेळतात म्हणून घ्यायचा असेल तर घ्या. फक्त तुमच्या प्रवासासाठी म्हणून विचार करत असाल तर ओलेडच चांगला.

गेमच्या बाजूने पाहिलं तर मारिओ कार्ट वर्ल्ड, डॉन्की काँग बनान्झा, कर्बी एअर रायडर्स हे फक्त स्विच २ वर आहेत. मेट्रॉइड प्राइम ४ आणि पोकेमॉन लेजेंड्स झेड-ए मात्र जुन्या स्विचवरही निघाले. मुलांना पहिल्या तिघांतलं काही हवंय का, हे त्यांनाच विचारा. 'नाही' म्हणाली तर एक वर्ष थांबलात तरी काही बिघडत नाही.

एसडीकार्डवाले_काका

६० हजारांत नुसता कन्सोल बघू नका ताई, हे धरा.

आतली जागा २५६ जीबी. वाढवायला फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्ड चालतं. जुन्या स्विचमधलं कार्ड लावलं तर त्यावरचे फोटो-व्हिडिओ तेवढे आत घेता येतात, गेम नाही. २५६ जीबीचं एक्सप्रेस कार्ड अमेरिकेत साधारण ६० डॉलरला आहे. इथे ऑनलाइन 'एक्स्ट्रीम', 'यूएचएस-१' असं लिहिलेली कार्डं 'स्विचसाठी' म्हणून खपवतात, ती पहिल्या स्विचची. कार्डावर 'ईएक्स' चिन्ह असेल तरच घ्या, आणि खरं कार्ड उलटं केलं की पिनांच्या दोन ओळी दिसतात.

लाँचच्या किमती धरल्या तर ४५० कन्सोल, ६० कार्ड, मारिओ कार्ट वर्ल्ड ८०, केस २०, वर तिथला सेल्स टॅक्स: ६५० डॉलरच्या घरात. डॉलर नव्वदचा धरला तर ५८-५९ हजार. तुमचं बजेट तिथेच संपलं. मारिओ कार्टचा बंडल ४९९.९९ ला निघाला होता, तो मिळाला तर तीस डॉलर वाचतात. कार्ड पहिल्या दिवशी घेऊ नका, जागा भरली की बघा. जॉय-कॉन २ ची जास्तीची जोडी लाँचला सुमारे ९५ डॉलर होती, तीही आत्ता नको. जुने जॉय-कॉन आणि प्रो कंट्रोलर ब्लूटूथने चालतात, फक्त कडेला चिकटत नाहीत. दोन मुलांचं काम भागेल. पॅकिंगची प्लास्टिक फिल्म समजून स्क्रीनवरची फिल्म मात्र सोलू नका. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती कारखान्यातून लावलेली असते; स्क्रीन गार्ड तिच्यावरच लावायचा.

आणखी एक: खोक्यात कार्ट्रिज आहे म्हणजे गेम आत आहेच असं नाही. 'गेम-की कार्ड' लिहिलेलं असेल तर पूर्ण गेम डाउनलोड करावा लागतो आणि खेळताना कार्डही आत हवं. स्ट्रीट फायटर ६ असा आहे. सायबरपंक २०७७ मात्र ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर पूर्ण येतो. खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली किल्लीचं चिन्ह असतं, ते आधी बघा.

प्रोटॉन

थोडा वेगळा सूर. निन्टेन्डोचेच गेम हवेत असा हट्ट नसेल तर आसुसचा रॉग अॅलाय (हातात धरायचा विंडोज गेमिंग पीसी) बघावा, तो भारतात अधिकृत मिळतो आणि सर्व्हिस सेंटर इथेच आहे. स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) किमती रुपयांत, यूपीआयने पैसे देता येतात. निन्टेन्डोच्या अमेरिकी ईशॉपवर भारतीय कार्ड बहुधा नाकारलं जातं, तिथे डॉलरची गिफ्ट कार्डं घेत बसावी लागतात.

पण ९ वर्षांच्या मुलाच्या हातात द्यायला विंडोजवालं यंत्र मी सुचवणार नाही. मध्येच झोपवून पुन्हा उठवलं की गेम अडकतो, अपडेट मध्येच डोकं वर काढतं. पहिल्या अॅलायची बॅटरी ४० वॉट-तासांची आहे, ती जड गेममध्ये दीड तासाच्या आसपास आटोपते. ८० वॉट-तासांचा अॅलाय एक्स तुमच्या बजेटबाहेर. स्टीम डेक ओलेडवर (स्टीमवाल्यांचंच हातात धरायचं यंत्र) झोप-जाग उत्तम चालते आणि स्क्रीन सुरेख आहे, मात्र तोही इथे ग्रे मार्केटचाच. आणि मोठा मुलगा व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट खेळतो म्हणत असेल तर अँटी-चीटमुळे ते डेकच्या स्टीमओएसवर चालत नाहीत.

मृण्मयी_ठाणे

सगळ्यांचे आभार. जपानचा स्वस्त सेट बाद. मुलांना मारिओ कार्ट वर्ल्ड हवाच आहे, त्यामुळे स्विच २ नक्की. लॅमिंग्टन रोडला एक जण अमेरिकेचा वापरलेला सेट देतोय, नव्यापेक्षा सहा-सात हजारांनी कमी. घ्यावा का? आणि जुना डॉक-चार्जर वापरता येईल का?

कार्ट्रिजप्रेमी

वापरलेला घ्यायचा तर पैसे देण्याआधी दुकानातच फोनचा हॉटस्पॉट देऊन तो नेटला जोडा आणि ईशॉप उघडून बघा. फ्लॅश कार्ट (गेमच्या प्रती चालवणारं कार्ट्रिज) वापरलेले स्विच २ निन्टेन्डोने ऑनलाइन सेवांतून बंद केले आहेत. असं मशीन बाहेरून ठणठणीत दिसतं, कार्ट्रिजवरचे गेमही चालतात, पण ईशॉप उघडत नाही आणि २१२४-४५०८ हा एरर येतो. तुमचे वीस डिजिटल गेम आणि सगळी गेम-की कार्डं त्यावर निरुपयोगी. ही बंदी कन्सोलवर असते. फॅक्टरी रीसेट करून किंवा नवं खातं जोडून ती जात नाही. विकणारा 'नेट नाही, घरी जाऊन बघा' म्हणाला तर उठून या.

ईशॉप चाललं तर कंट्रोलर सेटिंगमध्ये दोन्ही स्टिक कॅलिब्रेशनच्या पानावर सोडून द्या. हात न लावता ठिपका मधून सरकत असेल तर ड्रिफ्ट सुरू झालाय. जॉय-कॉन २ मध्येही हॉल इफेक्ट (चुंबकाने चालणाऱ्या, न झिजणाऱ्या) स्टिक नाहीत, तेव्हा हा दोष या पिढीतही येऊ शकतो, आणि जोडीची किंमत वर काकांनी दिलीच आहे. डॉकमध्ये ठेवून टीव्हीवर चित्र येतंय का तेही तिथेच बघा. सहा हजारांसाठी एवढं तपासू देत नसतील तर नवा घ्या.

वापरलेली कार्ट्रिज घेतानाही जपून. प्रत्येकाला स्वतंत्र ओळख असते. आधीच्या मालकाने त्याची प्रत फ्लॅश कार्टवर चालवली असेल तर तुमचं मशीन संशयात येतं. अशा वेळी कार्ट्रिजचा फोटो आणि बिल निन्टेन्डोला पाठवून बंदी उठल्याची उदाहरणं आहेत, म्हणून बिल घ्याच.

फ्रेमरेट_फडके

जुना डॉक चालणार नाही. जुना चार्जर ३९ वॉटचा आहे, तो हातात धरून खेळताना चार्ज करतो, पण स्विच २ च्या डॉकला २० व्होल्ट ३ अँपिअर म्हणजे ६० वॉट लागतात. कमी दिलं तर टीव्हीवर चित्रच येत नाही. सेटसोबतचा ऍडॉप्टर हरवलेला असेल तर ६० वॉटचा चांगला पीडी चार्जर चालतो. कन्सोलला खाली आणि वर असे दोन सी पोर्ट आहेत. चार्जिंग दोन्हीतून होतं, टीव्ही फक्त खालच्यातून. मुलं कायम डॉकमध्येच खेळणार असतील तर सेटिंग्जमधून चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवायचा पर्याय चालू करा, बॅटरी जास्त वर्षं टिकेल.

जुना विकू नका, असं माझं म्हणणं. प्रवासात तो तुमचा, टीव्हीखाली नवा मुलांचा. डिजिटल गेम व्हर्च्युअल गेम कार्डाने या मशीनवरून त्या मशीनवर नेता येतात, आणि घरातली खाती एकाच फॅमिली ग्रुपमध्ये असतील तर एकमेकांना दोन आठवड्यांसाठी उसनेही देता येतात.

नवा पहिल्यांदा सुरू करताना दोन्ही मशीन शेजारी ठेवा, दोन्ही चार्जरला लावा, जुना आधी शेवटच्या अपडेटपर्यंत न्या आणि मगच सिस्टिम ट्रान्सफर करा. जुन्या स्विचवरून येणारी ट्रान्सफर पहिल्या सेटअपमध्येच विचारली जाते. ती पायरी पुढे ढकलून गेलात तर फॅक्टरी रीसेट करून परत यावं लागतं. सर्व्हरवरून ट्रान्सफरचा पर्याय निवडू नका. त्यात डेटा वर चढला की जुना स्विच कोरा होतो, आणि तुम्हाला तो तसाच ठेवायचा आहे. जुन्या कार्डावरचे गेम आपोआप येत नाहीत, पुन्हा डाउनलोड करावे लागतात, तेव्हा हे काम घरच्या वायफायवर रात्री लावून ठेवा.