बे एरियात रेट वाढूनही घरं स्वस्त का होत नाहीत?

सनीव्हेल_भाडेकरू
आम्ही नऊ वर्षं बे एरियात (कॅलिफोर्नियातलं सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासची गावं) सनीव्हेलला भाड्याने राहतोय. २०२१ मध्ये मॉर्गेजचे, म्हणजे गृहकर्जाच्या व्याजाचे रेट ३ टक्क्यांच्या आसपास होते, २०२३ च्या ऑक्टोबरात ८ ला टेकायला आले, तेव्हा वाटलं आता तरी भाव उतरतील, पण कसलं काय, ओपन हाउसला (विकायचं घर बघायला) रांग तशीच. इथे नक्की कुठलं गणित चालतं? पुढे काही बदलेल का, की मुलीची शाळा सुरू व्हायच्या आत सरळ लांबचं, स्वस्त ट्रेसी गाठावं? जाणकारांनी समजावून सांगा प्लीज, खरंच डोकं चालत नाहीये.

फ्रीमाँट_जुना
रेट वाढले की घेणारा थांबतो हे बरोबर, पण इथे विकणाराही थांबला ना. माझंच बघा, २०२१ ला रीफायनान्स करून (जुनं लोन फेडून नवं घेऊन) पावणेतीन टक्क्यांवर ३० वर्षांसाठी फिक्स केलंय, आता घर बदलायचं म्हणजे हे लोन सोडून दुपटीहून जास्त रेटचं नवं डोक्यावर घ्यायचं, कोण करेल?
त्यात प्रॉप १३, म्हणजे मतदानाने झालेला राज्याचा घरपट्टीचा कायदा. १९७८ पासून हा टॅक्स घर घेतलं त्या किमतीवर, मूळ दर १ टक्का, आणि ती किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते, घर विकलं गेलं की मगच नव्या भावाने आकारणी. आमच्या शेजारच्या आजी सत्तरच्या दशकापासून राहतायत, दोघांची घरं एकाच नकाशाची, आणि माझा टॅक्स त्यांच्या कितीतरी पट. मुलं लांब, चारपैकी तीन बेडरूम बंद, पण त्या विकणार नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विकलं नसतं.

हिशोबनीस
फ्रीमाँट_जुना, थोडी भर घालते. २०२१ पासून प्रॉप १९ या तशाच नव्या कायद्यामुळे ५५ च्या वरच्यांना जुना टॅक्स बेस (टॅक्ससाठी धरलेली किंमत) कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या घरावर नेता येतो, म्हणजे आजींना खरं अडवतो तो कॅपिटल गेन्स, घर विकून होणाऱ्या नफ्यावरचा टॅक्स. एकट्या माणसाला अडीच लाख डॉलर नफा माफ, जोडप्याला पाच लाख, हे आकडे १९९७ पासून तेच. इथे पन्नास वर्षांचा नफा त्याच्या कितीतरी वर जातो. तेच घर वारसांकडे गेलं तर त्या दिवसाचा भाव धरतात आणि तोवरच्या वाढीवर टॅक्सच नाही. मग शेवटपर्यंत राहणंच फायद्याचं ठरतं.

झोनिंगवाला
जुनी घरं अडकली हे कळलं, पण नवी का नाहीत? एकदा सिटी कौन्सिलच्या मीटिंगला जाऊन बसा. मी बसलोय, विषय स्टेशनजवळची नवी पाच मजली बिल्डिंग, आणि रात्री अकरापर्यंत लोक माइकवर येऊन सावली, पार्किंग, ट्रॅफिकच्या तक्रारी करत होते. ज्यांना तिथे राहायला यायचं होतं त्यांच्यापैकी एकही नाही, कारण ते अजून त्या गावचे मतदारच नाहीत!! मला ते फार लागलं.
बदल येतोय तो राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून. राज्याने बे एरियाला २०२३ ते २०३१ साठी ४,४१,१७६ घरांचा कोटा दिलाय, बॅकयार्डातल्या छोट्या घरांना गावं आता सहजासहजी नाही म्हणू शकत नाहीत, २०२५ मध्ये शहरातल्या मोकळ्या जागांवरच्या घरांना पर्यावरण कायद्याच्या लांबलचक रिव्ह्यूतून सूट मिळाली, आणि त्याच वर्षी स्टेशनजवळ उंच बांधायला परवानगी देणारा एसबी ७९ हा कायदा झाला. पण परवानगी म्हणजे घर नव्हे. बांधकामाचा खर्च आणि बिल्डरला पडणारं व्याज उतरल्याशिवाय खड्डा खणला जात नाही, त्यामुळे दोन-तीन वर्षांत भाव पडतील ही आशा धरू नका.

ट्रेसीकर
ट्रेसीबद्दल मी सांगतो. २०२१ ला घेतलं तेव्हा पूर्ण वर्क फ्रॉम होम होतं. त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोतूनच साठ हजारांवर माणसं कमी झाली होती, भाडी पडली होती, वाटलं जग बदललं. आता आठवड्यातले चार दिवस ऑफिस, पहाटे पाचला ५८० हायवेवर अल्टामाँट घाटाच्या चढाला लाल दिव्यांची रांग, मुलगा उठायच्या आत मी गेलेला असतो. घर मोठं आहे, अंगण आहे. पण तुम्हा दोघांपैकी एकाची तरी नोकरी रिमोट आहे असं कंपनीने लिहून दिलंय का? नसेल तर आधी वर्षभर इथे भाड्याने राहून बघा.

सनीव्हेल_भाडेकरू
लिहून कुणाचंच नाही दिलेलं. उद्याच दोघं आपापल्या मॅनेजरला विचारतो. सगळ्यांचे मनापासून आभार.