आय-फाइव्ह ७४०० वरून १२४०० वर जायचंय: मदरबोर्डासोबत आणखी काय बदलावं लागेल?

चक्रम_पंखा:
सध्याचं मशीन: इंटेल आय-फाइव्ह ७४०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, डीडीआर४ २४०० रॅम ८+८ जीबी, जीटीएक्स १०५० टीआय, साटा एसएसडी, ४५० वॅटचा पॉवर सप्लाय. विंडोज १० आहे. ११ टाकायला गेलं की प्रोसेसर चालत नाही म्हणतं. आहे त्याच बोर्डावर ८४०० बसेल का? सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) दोघांचंही ११५१ च आहे. नाहीतर १२४०० आणि नवा बोर्ड घेईन. रॅम, कार्ड, एसएसडी जुनीच ठेवायची आहे. विंडोज नव्याने टाकावं लागेल का?

खटपट्या:
८४०० विसरा. सॉकेटचं नाव तेच ठेवून इंटेलने आठव्या पिढीला पिनांची मांडणी बदलली. त्याला ३०० सिरीज चिपसेटचाच बोर्ड लागतो. बी२५० वर तो बसेल, पण चालू होणार नाही. नावाच्या या घोळात बरेच जण फसलेत.

१२४०० चं सॉकेट एलजीए १७००. बी६६० किंवा बी७६० चिपसेटचा बोर्ड घ्या, पण हे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. डीडीआर५ च्या स्लॉटची खाच वेगळ्या जागी असते, तुमची रॅम त्यात जाणारच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीत, खोक्यावरचं पूर्ण मॉडेल नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. एच६१० स्वस्त पडतो, पण त्यावर रॅमचे स्लॉट दोनच, म्हणजे पुढे वाढवायला जागा नाही.

जुना कूलर चालणार नाही. ११५१ ची भोकं ७५ मिमी अंतरावर, १७०० ची ७८ वर. डबाबंद १२४०० सोबत कूलर येतो, ट्रे पॅकमध्ये (खोक्याशिवाय सुट्या विकल्या जाणाऱ्या) नाही. आणि 'एफ' वाला (१२४००एफ) घेऊ नका, त्यात प्रोसेसरमधलं ग्राफिक्स नसतं. कार्ड बिघडलं तर स्क्रीन लावायला दुसरी सोयच उरत नाही.

एसएमपीएस_काका:
पॉवर सप्लायबद्दल कोणी बोललं नाही. १२४०० आणि १०५० टीआयला ४५० वॅट भरपूर झाले, प्रश्न जोडणीचा आहे. नव्या बोर्डावर प्रोसेसरसाठी ८ पिनांचा सॉकेट असतो, जुन्या सप्लायला अनेकदा ४ चीच केबल. १२४०० सारख्या ६५ वॅटच्या चिपला ४ पिनांवर सहसा भागतं, तरी बोर्डाचं मॅन्युअल बघा. ग्राफिक कार्डाची ६+२ केबल तिथे कोंबू नका. तिच्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलटे असतात. सप्लाय बिनब्रँडचा असेल तर आत्ताच बदला, तो जाताना बोर्डालाही घेऊन जाऊ शकतो.

थर्मल_पेस्ट:
स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी जुन्या मशीनवर एवढं करा. सिस्टम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' बघा. 'लेगसी' (जुनी बूट पद्धत) दिसलं तर डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची आहे आणि नव्या बोर्डावर ती बहुधा बूट होणार नाही. बॅकअप घेऊन विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी साधनाने ती जीपीटी या नव्या मांडणीत आणा. त्यानंतर मात्र जुन्या बोर्डावरही बूट मोड यूईएफआय (नवी बूट पद्धत) करावा लागतो.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर थांबवून ठेवा, नाहीतर पहिल्याच बूटला ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडा. ओईएम लायसन्स (मशीनसोबत आलेलं) जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, ते बहुधा पुढे येत नाही. नव्या बोर्डाचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा; नेट नसताना ड्रायव्हर शोधणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

इंटेलवरून इंटेलवर जाताना जुनं विंडोज बऱ्याचदा उठतं. तरी ११ टाकणारच असाल तर कोरं टाका. बायोसमध्ये पीटीटी चालू असू द्या; विंडोज ११ ला लागणारं टीपीएम (सुरक्षेची सोय) म्हणजे इंटेलकडे तेच.

बसवताना: सॉकेटवरचं काळं झाकण हाताने काढू नका. प्रोसेसर ठेवून लीव्हर दाबला की ते आपोआप उडतं. जपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी बोर्डावर असावं लागतं. केसमधले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते खुंट) नव्या बोर्डाच्या भोकांशी जुळवा. एखादा जादाचा खाली राहिला तर शॉर्ट होतं. कूलरच्या पुश-पिना कर्णाच्या क्रमाने दाबा आणि बोर्डाच्या मागून चारही पूर्ण बाहेर आल्यात का बघा. डबाबंद कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी थापू नका.

चक्रम_पंखा:
जोडलं. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला दिवा पेटतोय.

थर्मल_पेस्ट:
रॅम कुठल्या स्लॉटमध्ये आहे? चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. मेन स्विच बंद करून एकच काडी दुसऱ्यात घाला, खटका ऐकू येईपर्यंत दाबा. तरीही नाही झालं तर बोर्डावरचा बटण सेल पाच मिनिटं काढून ठेवा. चालू केल्यावर एक-दोन मिनिटं हात लावू नका, पहिल्या वेळी बोर्ड रॅम तपासत बसतो. स्क्रीनची केबल कार्डालाच लावलीय ना? 'सीपीयू' चा दिवा पेटला तर वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची केबल बघा, ती राहून गेलेली असते.

चक्रम_पंखा:
पहिल्या आणि तिसऱ्यात घातली होती. आता बायोस दिसतंय, १६ जीबी पूर्ण.