एक गुंठा काळी माती, पावसाळ्यात काय लावू?

वडगावकर:
नमस्कार मंडळी, घरामागं गुंठाभर जागा आहे, 33 बाय 33 फूट. माती काळी, जुलैत पाणी तुंबतं आणि मार्चनंतर बोअरचं पाणी कमी येतं. गेल्या वर्षी मृगाचा पाऊस पडल्या पडल्या टोमॅटो, मिरची, मेथी, कोथिंबीर सगळं एकदमच लावलं, टोमॅटो करप्यानं गेला, मेथी कुजली, खूप वाईट वाटलं हो. यंदा आधी कागदावर आखून मगच कुदळ मारायची म्हणतोय. घरात चार माणसं, काय काय लावू सांगा की.

येळ्ळूर रोड:
भाजी नंतर ठरवा, आधी पाण्याला वाट काढा. चार फूट रुंद, फूटभर उंच वाफे करा आणि मधली चर उताराकडं सोडा, शेणखत आत्ताच मिसळा. पावसाळ्यात कुंपणाला दोडका, काकडी, पडवळ चढवा, वाफ्यावर भेंडी, गवार, चवळी. भेंडीला पिवळा व्हायरस येतो म्हणून आम्ही अर्का अनामिका लावतो, बेंगळुरूच्या बागायत संस्थेची जात आहे, त्या रोगाला बऱ्यापैकी टिकते. टोमॅटो पावसात नकोच, सप्टेंबरात रोपं टाका. आणि टोमॅटो, मिरची, वांगी, बटाटा एकाच कुळातले, रोगपण सारखेच, म्हणून गेल्या वर्षीच्या त्या वाफ्यात यंदा ह्यातलं काहीच नको, तिथं चवळी घ्या.

खानापूरची मावशी:
आमच्याकडं तांबडी माती, पाणी थांबत नाही, म्हणून जूनमध्ये सरीवर रताळ्याचे वेल लावतो. तुमच्या काळ्या मातीत पाणी तुंबलं तर रताळी कुजतील बाळा, हौस म्हणूनही लावू नको. अळू मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर लाव, काही करावं लागत नाही.

वडगावकर:
मावशी, अळू नक्की लावतो. वाटाणा कधी? आणि मेथी?

येळ्ळूर रोड:
वाटाणा पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, त्याला थंडी लागते. आपल्याकडं भात कापल्यावर शेतातल्या ओलीवर वाटाणा, मसूर करतातच की. नवलकोल, कोबीचं तरू म्हणजे रोपं ऑगस्टअखेर टाकलं तर महिन्याभरात लावायला येतं. मेथी दिवाळीच्या आसपास सुरू करा पण सगळी एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी एक पट्टा, महिन्याभरात काढायला येते म्हणजे चार माणसांना सारखी ताजी मिळते. मार्चनंतर दोनच वाफे चालू ठेवा, बाकीच्यावर पालापाचोळा पसरून ठेवा.